भरतीच्या रेषेपलीकडचा खून

जेवणं झाली, तसे पद्माकरकाका इमारतीखालच्या बाकावर येऊन बसले. शेजारची मुलं, राजस आणि मैत्रेयी, त्यांच्यासमोर.

“हे धम्मदीपनं मला स्वतः सांगितलंय. इथंच, शहराच्या हौगांग भागात राहायचा, इंजिनीयर. आता नागपूरला परत गेला.

मागच्या वर्षीची पिठोरी अमावस्या, शुक्रवार. दिवेलागणीला तो एका जुन्या कोर्टात गेला. इमारतीची दुरुस्ती चालू होती. भिंतीच्या तड्याची वाढ मोजायला लावलेलं मीटर काढून आणायचं, एवढंच काम.

त्या कोर्टाची एक हकीकत सांगतात. कंपनी सरकारच्या काळात या बेटावरच्या न्यायाधीशाचा अधिकार किनाऱ्यापर्यंतच. समुद्रावरचा गुन्हेगार कलकत्त्याला धाडायचा. रत्नागिरीच्या एका खलाशाला त्याच्या म्होरक्यानं, तांडेलानं, जहाजावर कोयत्यानं तोडलं. तांडेलाला इथं उभं केलं. न्यायाधीश म्हणाले, खून पाण्यावर झाला, माझ्याकडे चालणार नाही. कलकत्त्याला त्याला कोणी नेलंच नाही. सुटला.”

“नॉट फेअर लाह,” मैत्रेयी इथल्या ढंगात म्हणाली.

“हं. धम्मदीप मीटर काढत होता. मागे ओली पावलं वाजली. तो वळला.

आरोपीच्या पिंजऱ्यापाशी दोन माणसं. एकाच्या हातात कोयता. पहिला वार मानेवर. दुसरा खांद्यात रुतला. पाय देऊन त्यानं कोयता उपसला. रक्त धम्मदीपच्या तोंडावर उडालं. गरम.

पडलेला सरपटत आला. धम्मदीपचा घोटा धरला. गळा चिरलेला, तरी बोलला...

‘दादा... मी आता जमिनीवर आहे ना?’

कोयतेवाला त्याच्याकडे वळला.

‘सांग ना... जमिनीवर मारलं ना मला?’

कोयता वर गेला.

‘हो,’ धम्मदीप म्हणाला. ‘जमिनीवर. मी पाहिलं.’

न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीकडून एकच ठोका आला. लाकडावर.

तांडेल किंचाळला. त्याला कोणी धरलेलं दिसत नव्हतं. तरी फरफटत चालला होता. नखं फरशीवर... मग दिवे गेले.”

“मग?” राजसनं हळूच विचारलं.

“सकाळी मजुरांना धम्मदीप दारात पडलेला सापडला. अंगावर रक्ताचा थेंब नाही. कोयता नाही. आत फक्त छताच्या तुळईला काथ्याचा दोर. फास आवळलेला... रिकामा.

सुपरवायझर तो बाजूला सारायला गेला. दोर ताठ होता. हलेना.

खाली वजन होतं त्याला...”