बाटलीतलं गुलाबी पाणी

सोमवारी सकाळी नऊला फोन आला, तेव्हा सहायक फौजदार श्रीमंत पालव्यांचा चहाचा पहिला घोटही घशाखाली उतरला नव्हता. भिंगारबाहेरच्या एका संशोधन संस्थेत म्हणे घात झाला होता. मेलं कोण, असं त्यांनी विचारलं.

"पेशी," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "मेंदूच्या."

निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाच्या नशिबी आता हेही होतं. दुखरे गुडघे सांभाळत पालवे संस्थेचा जिना चढले.

डॉ. आदिनाथ नलगे प्रयोगशाळेच्या दारातच उभे होते. बाहेर बाकावर साफसफाई करणारी सविता डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"इथं करता काय तुम्ही?" पालव्यांनी विचारलं.

"उंदराच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवतो. निरोप पोचवणाऱ्या पेशी आणि त्यांना पोसणाऱ्या पेशी, दोन्ही एकत्र. त्या एकमेकींशी कशा वागतात, ते बघतो. वाढायला तीन आठवडे लागतात. काल संध्याकाळपर्यंत चांगल्या होत्या. आज सगळ्या मेल्या."

"कशानं?"

नलग्यांनी कोपऱ्यातल्या, पेशींना ऊब देणाऱ्या इनक्युबेटरकडे बोट दाखवलं. कपाटाएवढं ते यंत्र थंडगार पडलं होतं. त्याचा प्लग जमिनीवर, आणि त्या जागी मोबाईलचा चार्जर.

"चार्जर हिचा आहे. उद्या पुण्याहून समिती येतेय, प्रकल्प चालू ठेवायचा की नाही ते ठरवायला. गुन्हा नोंदवा."

पालवे बाकाकडे वळले. "चार्जर तुमचा?"

"माझाच हाय साहेब. पन म्या तो पान्याच्या फिल्टरपाशी ठिवला हुता. त्या कपाटाला हात लावायची आमाला बंदीच हाय." सविताने डोळे पुसले. "आमी खर्ड्याकडचे. चार वर्सं झाली कोयता सोडून. हे काम गेलं तर पुन्हा उसाच्या फडात जावं लागंल. पोरींची शाळा सुटंल साहेब."

पालव्यांनी अशा शपथा तीस वर्षं ऐकल्या होत्या. खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या, हे आता त्यांना आवाजावरून कळत नसे. ते आत गेले. फ्रिजमध्ये गुलाबी पाण्याच्या बाटल्या होत्या.

"हे सरबत कसलं?"

"पेशींचं जेवण. दर दोन दिवसांनी जुनं काढून नवं घालतो."

"जुनं कसं ओळखायचं?"

"पेशी खातात, आम्ल सोडतात, मग पाणी पिवळं पडतं. जितक्या पेशी जिवंत, तितकं पिवळं." शिकवायची संधी मिळाल्यावर नलगे जरा खुलले.

"शेवटचं कधी बदललंत?"

"काल दुपारी चारला. मी स्वतः."

"आणि काढलेलं?"

"बेसिनजवळच्या बाटलीत. सकाळी ही त्यात ब्लीच घालते. रंग उडाला की ओतून देते."

पालव्यांनी दारातूनच विचारलं, "सविताबाई, आज ब्लीच घातलंत?"

"न्हाई. आल्या आल्या डॉक्टरांनी दारातच अडवलं मला."

बाटलीवर कालची तारीख होती, झाकण घट्ट होतं. पालव्यांनी ती खिडकीपाशी नेली. पाणी गुलाबी होतं, फ्रिजमधल्यासारखंच.

"दर वेळी असंच असतं?" त्यांनी सविताला विचारलं.

"आधी पिवळं असायचं. दोन आठवडे झाले, गुलाबीच येतंय. मला वाटलं औषध बदललं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कोन इचारतंय?"

पालवे स्टुलावर बसले. उभं राहून बोलण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

"डॉक्टर, प्लग काल संध्याकाळनंतर निघाला म्हणता. म्हणजे चारला पेशी जिवंत हव्यात, आणि तेव्हा काढलेलं पाणी पिवळं हवं. हे गुलाबी आहे. खाणारं कुणी नव्हतंच. दोन आठवडे तुम्ही मेलेल्यांना जेवण वाढत होता, कुणाला शंका येऊ नये म्हणून. नव्या पेशींना तीन आठवडे लागतात आणि समिती उद्या. मग चार्जर उचलून इथं लावलात. चोर सोडून संन्याशाला फाशी. ही बाई दर वेळी ब्लीच घालून तुमचा पुरावा धुऊन टाकत होती. आज तुम्हीच तिला अडवलंत."

नलग्यांनी फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाले, "बुरशी लागली. माझ्याच हातून. सांगणार होतो, पण समितीनं प्रकल्पच बंद केला असता."

पालव्यांना राग यायला हवा होता. आला तो नुसता शीण.

"खोटी फिर्याद दिल्याचं बघू ठाण्यात. चला."

सविता दारात उठून उभी राहिली. "साहेब, मंग म्या उद्या कामाला येऊ?"

पालव्यांनी नलग्यांकडे पाहिलं.

"प्रयोगशाळाच राहील की नाही, सांगता येत नाही, बाई. तुमची चूक नव्हती, एवढं मी लेखी देऊ शकतो."

सविताने पदराने तोंड पुसलं.

"द्या मंग. नाव नीट लिहा. दुसरीकडं काम मागायला जाताना दाखवाया लागंल."