चौथ्या बाजूच्या सुया

पाडव्याच्या सकाळी रत्नाने गुढी उभारली, गुळात कालवलेला कडुनिंबाचा पाला सगळ्यांच्या तळहातावर ठेवला, लेकीचं, अश्विनीचं, वाकडं झालेलं तोंड बघून पोटभर हसली आणि मग पडवीत गोधडी अंथरली. मऊ दुलया आता पिंपळवंडीच्या दुकानातही मिळतात, पण अश्विनीच्या बाळाला विकतचं पांघरूण घालायचं ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. सासूबाईंचं जुनं लुगडं, तिच्या स्वतःच्या दोन साड्या आणि नवऱ्याचा, दादाभाऊंचा, विरलेला सदरा असे थर होते. दादाभाऊ डबा घेऊन मळ्यात कांदा काढायला गेले होते. त्यांना सण पुरणपोळीपुरताच.

अश्विनीला आठवा महिना होता. याआधी दोनदा घर हुरळलं होतं आणि दोनदा गप्प झालं होतं. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. अंगणवाडीत सव्वीस वर्षं पोरांची वजनं केलेल्या रत्नाचा काट्यावर विश्वास होता, दृष्ट लागण्यावर नव्हता. तरी या खेपेला तिने लेकीवरून तीनदा मीठमोहऱ्या उतरवल्या होत्या, आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गोधडीला चार बाजूंनी चौघी बसतात आणि शिवत शिवत आत येतात, ही सासूबाईंची, साळुबाईंची रीत. आज तिघीच होत्या.

"चवथी बाजू मोकळी ठिवू न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "घरातलं जे माणूस आज हितं बसाया न्हाई, त्याच्या नावानं सुई टोचून ठिवायची. आमी तसंच करत आलोय."

अश्विनी मान खाली घालून दोरा ओवायला लागली. तिने काय टोचलं ते रत्नाने बघितलं नाही. आत पुरण खाली लागत होतं.

दुपारी तिघी स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. कटाची आमटी झणझणीत झाली होती. साळुबाईंनी नातीच्या पोळीवर तुपाची धार धरली ती सोडेनात. "दोघांचं जेवायचं असतंय," त्या म्हणाल्या, आणि अश्विनी कधी नव्हे ती मोकळं हसली. ते हसू बघून रत्नाला भरून आलं.

हात धुऊन पडवीत आल्या तर चौथ्या बाजूला टाके पडले होते.

अश्विनीने तिथे तीन सुया टोचल्या होत्या. त्यातल्या दोन सुयांच्या दोन ओळी, चार-चार बोटं लांब. एक बऱ्यापैकी सरळ. दुसरी वर चढलेली, मध्येच घसरलेली, पाटीवर पहिल्यांदा रेघ ओढावी तशी. शेजारी तिसरी सुई होती तशीच उभी.

"आत्या, तुमी घातलं व्हय?" रत्नाने सासूबाईंना विचारलं.

"मला सुईचं नाक दिसंना, टाकं कुठनं घालू?"

शेजारची मंगल येऊन गेली असेल म्हणावं, तर पडवीच्या दाराला आतून कडी होती. जेवण जड झालं की माणूस काय केलं ते विसरतं, असं रत्नाने स्वतःला समजावलं आणि आपल्या बाजूला बसली. साळुबाईंनी मात्र त्या वाकड्या ओळीवरून बोट फिरवलं. "कुनी का असंना," त्या म्हणाल्या, "हात ग्वाड हाय."

चार वाजता तिघी चहाला आत गेल्या. दहा मिनिटं, फार तर. परत आल्या तेव्हा दोन्ही ओळी वीतभर पुढे गेल्या होत्या.

आणि तिसऱ्या सुईने पाच टाके घातले होते. तांदळाच्या दाण्याएवढे.

अश्विनी भिंतीला धरून खाली बसली. "आई, सकाळपासून बाळ हललंच नाही गं. सणाचं म्हणून मी बोलले नाही."

रत्नाने तिला डाव्या कुशीवर निजवलं, गुळाचं पाणी पाजलं, पोटावर हात ठेवला. हजारदा दुसऱ्यांच्या लेकीसुनांना सांगितलेलं सगळं केलं. हाताला काही लागेना. तिने मळ्यात फोन लावला. "गाडी घिऊन या. नारायणगावला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

मग ती म्हणाली, "तिसरी सुई कुणाची?"

"दोन त्यांच्या," अश्विनी म्हणाली. "एक ह्याची. वाटलं, भावंडांच्या शेजारी असावी."

साळुबाईंनी तोंडावर हात धरला. "अगं, ती गेल्याली. ह्ये अजून यायचंय. त्यांच्या वळीत कशाला बशिवलंस?"

रत्ना चौथ्या बाजूला गेली.

"पाडव्याचा टाका उसवत न्हाईत, रत्ना."

"मी उसवणार, आत्या."

तिने सुई दोऱ्यातून काढली. टोकाने एकेक टाका मागे ओढला. पाचवा. चौथा. तिसरा. दुसरा.

पहिला निघेना.

तिने गोधडीचा काठ उचलला. खाली नुसती फरशी. तरी दोरा ताणलेला होता. जोर नव्हता; लहान मूल पदर धरतं, तेवढाच.

रत्ना काठापाशी वाकली.

"बाळांनो," ती म्हणाली, "तुमाला मांडीवर घ्यायचं राहूनच गेलं माझं. पण ह्याला सोडा. ह्याला येऊ द्या."

दोरा सैल पडला.

"आई," अश्विनी म्हणाली. "हललं."

बाहेर गाडी वाजली. लेकीला धरून रत्ना उठली. दोरा अजून तिच्या मुठीत होता. गाडीत बसल्यावर तिने मूठ उघडली. दोऱ्याच्या शेवटाला अश्विनीने मारलेली गाठ नव्हती. टोक दातांनी तोडलेलं होतं, आणि अजून ओलं होतं.