चिवड्याला कोणी बोलावलं?

"बाबा, लीश सोडू नका म्हटलं ना!"

"अगं चारू, दहा मैलांत माणूस नाही इथे. पळू दे की त्याला!"

"जुन्या खाणींची भोकं आहेत इथे! बोर्ड वाचला नाहीत? तुम्हाला सांगणंच वेस्ट आहे यार!"

हे भांडण शब्दाला शब्द खरं आहे. चारुता माझी चुलत बहीण, बाबा म्हणजे माझे हेमचंद्रकाका. ज्याला हसायचंय त्यानं इथूनच फुटावं.

मागच्या ऑक्टोबरातला शनिवार. नेवाडाचं वाळवंट, सरकारी मोकळी जमीन. भर दुपारचे बारा.

चिवडा त्यांचा कुत्रा. तापलेली वाळू पोळू नये म्हणून पायांत चार लाल बूट. काकांनी हसत गळपट्ट्याची दोरी, म्हणजे लीश, काढली आणि गडी उधळला.

मग...

"यू... यू... यू..."

गावाकडे पोळी टाकायला कुत्र्याला बोलावतात ना? अगदी तसं.

चिवड्याला काकांनी मुद्दाम मराठीच शिकवलेलं. परक्या कोणी हाक मारून नेऊ नये म्हणून.

"बाबा, तुम्ही बोलावताय?"

काका तिच्या शेजारीच उभे होते. तोंड मिटलेलं.

हाक कोरड्या ओढ्यापलीकडून येत होती. चिवडा शेपूट हलवत निघाला.

चारुता सुटलीच. काट्यांनी पोटऱ्या फाटल्या, तिला पत्ता नाही. खाणीच्या तोंडाशी तिनं झेप घेतली, त्याचा पट्टा धरला, लीश अडकवली.

आणि आतून कोणीतरी ओढलं.

चिवडा अख्खा आत गेला. मागून धावत आलेल्या काकांनी लीश मनगटाला गुंडाळली, तसे तेही पोटावर फरफटत निघाले. हाताची सालटी निघाली. चारुता त्यांच्या पायांवर बसून ओढत होती, शिव्या घालत होती.

आत गुरगुर. हाड मोडल्याचा काडकन आवाज.

मग किंकाळी... कुत्र्याची नाही.

लीश सैल पडली.

चिवडा बाहेर आला. तोंड रक्तानं माखलेलं. पायांत तीनच बूट. त्यानं काकांसमोर काहीतरी टाकलं.

माणसाचं बोट.

काकांनी स्वतःची बोटं मोजली. दहा होती.

पोलिसांनी खाण तपासली. पंधरा फुटांवर भिंत, संपली खाण. धुळीत फक्त चिवड्याची पावलं. काकांसमोर पडलेलं ते बोटही नाही, रक्त नाही.

चिवड्याच्या तोंडावरचं रक्त मात्र तीन आंघोळींनी गेलं.

काकांची मूठ अजून मिटत नाही. काकू म्हणाली, "हा कुत्रा माझ्या घरात नको." शाळा सोडल्यापासून मी दिवसभर घरीच, म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याला बंद दाराआड ठेवतो. कोणी मागू दे, देणार नाही.

आज सकाळी आमच्या पायरीवर एक लाल बूट होता.

हे लिहायला बसलो तेव्हा चिवडा माझ्या पायाशी होता. आता दाराशी उभा आहे. शेपूट हलवतोय.

बाहेरून...

मला जायला हवं. लीश कुठे ठेवली मी