टोबी ॲशचं पत्र

वादळाने गावातली वीज गेली होती. नातवंडं शेगडीला चिकटून बसली होती.

"आजोबा, खरं घडलेलं सांगा. बनवलेलं नको," नेल म्हणाली.

"बनवायला मी काय आचारी आहे? जन्मभर पोस्टमन होतो. ज्याच्यावर गुदरलं त्याने मला स्वतः सांगितलंय," अर्नेस्ट प्लम्ब गुरगुरले. "गप ऐका."

१९६२ सालचा नोव्हेंबर. अकरा तारीख, रविवार. टेकडीवरच्या निवासी शाळेतला गिल्बर्ट थॉर्न, वय वर्षं अकरा, पत्र टाकायला निघाला. काम एवढंच. पण निघाला तो रात्री पावणेबाराला, न्हाणीघराच्या खिडकीतून, पन्हाळीच्या नळाला लोंबकळत.

कारण त्या शाळेची रीतच तशी. दर रविवारी पोरांनी घरी पत्र लिहायचं, पाकीट उघडं ठेवायचं आणि वसतिगृहाचा मास्तर हॅचर्ड ते आधी वाचणार. गिल्बर्टच्या शेजारच्या खाटेवर टोबी ॲश तीन दिवस पोट धरून कण्हत होता. अंग तव्यासारखं तापलेलं. 'आई, मला घेऊन जा,' असं त्याने लिहिलं. हॅचर्डने टरकन फाडलं. "रडगाणं नको. लिही, मी मजेत आहे." मेट्रनबाईने वर एरंडेल पाजलं. पोट फुटायला आलेल्या पोराला एरंडेल!

"त्या बाईलाच पाजायला हवं होतं!" नेल फणकारली.

"पाजायला रांग लागली असती, पोरी."

टोबीने पांघरुणाखाली दुसरं पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं. "थॉर्न, आई आली नाही तर मी मरेन रे."

"मरतोस कसला, गाढवा! आण इकडे." गिल्बर्ट बोलला खरा, पण टोबीचे ओठ त्याने पाहिले होते. राखेच्या रंगाचे.

टपालपेटी दीड मैलावर, गावाच्या तोंडाशी. सापडला तर सहा छड्या. गिल्बर्ट हॅचर्डच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालला होता. रागाने अंग गरम होतं. अर्ध्या वाटेवर मागे पावलं वाजली.

बुटांची नव्हती. अनवाणी.

तो थांबला. तीही थांबली.

"कोण आहे? चुगली करणार? जा, कर!"

...

पुढे पेटी दिसली. पेटीपाशी एक पोरगा. शाळेचाच रात्रीचा सदरा, पण घोट्यापर्यंत. हल्ली कुणी घालत नाही तसा. पोट दोन्ही हातांनी धरलेलं. गिल्बर्टच्या तोंडून वाफ निघत होती. त्याच्या... नाही.

एक हात पुढे आला.

"नाही देणार," गिल्बर्ट ओरडला. "हे टोबीच्या आईचं आहे!"

...

हात पाकिटाला लागला. नुसता लागला. मग पोरगा बाजूला सरकला.

पत्र पेटीत पडलं. गिल्बर्ट पळत सुटला.

सकाळी बुटांना चिखल सापडला. हॅचर्डने सहा मारल्या. गिल्बर्टने तोंड उघडलं नाही.

"आणि आता माझं," आजोबा म्हणाले. "सोमवारी पहाटे ती पेटी मीच उघडली. एकच पाकीट. घट्ट चिकटवलेलं. याच हातांनी पाठवलं."

मंगळवारी ॲशबाई मोटार हाकत आल्या, हॅचर्डला ढकलून जिना चढल्या आणि पोराला उचलून थेट इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला, आजची रात्र निघाली नसती.

बुधवारी बाई टपाल कचेरीत उभ्या. माझ्यावरच चवताळल्या. "प्लम्ब, हे कुणी उघडलं होतं?"

"कुणी नाही, बाई. आईची शपथ."

त्यांनी कागद टेबलावर आपटला. वर टोबीचं वेडंवाकडं अक्षर. खाली दुसरं. टाकाने काढलेलं, वळणदार.

'आजच निघा. माझी आई दफनाला आली.'

शेगडीत लाकूड तडकलं.

"मी त्या ओळीवरून बोट फिरवलं... तीन दिवस झाले होते."

आजोबांनी तर्जनी दिव्यापुढे धरली.

"शाई ओली होती."