बंपरपुढची जागा

मंजुश्रीचं दुकान अहमदपुरात, मोंढ्याकडं, धान्याच्या बाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्याला. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, वायरिंग बिघडलं की लोक गाडी तिच्याकडं घेऊन येत. मे महिन्यातल्या एका सकाळी तिचे चुलते सिद्रामप्पा आपली जीप घेऊन दुकानापुढं उभे राहिले. चेहरा मात्र दवाखान्यात आणून सोडल्यासारखा.

त्या जीपला सारा तालुका ओळखत होता. पुढच्या बंपरवर विंच बसवलेला होता. बॅटरीवर फिरणारा जाड रूळ, आणि त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर. ओढ्यात घसरलेला टेम्पो असो की विहिरीच्या काठावर लटकलेली गाडी, दोराचा हूक अडकवायचा, बटण दाबायचं, की विंच तिला ओढून काढायचा. पण ते बटण होतं एका वायरच्या टोकाला, आणि वायर आखूड. बटण धरणाऱ्याला बंपरपाशीच उभं राहावं लागे, ताणलेल्या दोराच्या अगदी समोर.

त्याच जागी सिद्रामप्पांचा धाकटा भाऊ मन्मथ गेला होता. दोर तुटला आणि चाबकासारखा उलटा आला. मन्मथ म्हणजे मंजुश्रीचे वडील. ती त्यांना अण्णा म्हणायची. त्यानंतर सिद्रामप्पा स्वतःच त्या जागेवर उभे राहू लागले. दुसऱ्या कुणाला तिथं पाय ठेवू देत नसत. म्हणून विंचला रिमोट बसवून घ्या, असा मंजुश्रीनं हट्ट धरला होता.

"बिनवायरच्या बटणाचा भरोसा काय, मंजू?" जीपमधून उतरता उतरता त्यांनी विचारलं.

"काका, बटणावर कशाला, माज्यावर ठेवा ना भरोसा."

त्यांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळत होतं. बाकड्यावर बसून ते पुतणीचे हात बघत राहिले.

मंजुश्रीनं आधी बॅटरीची वायर सोडवली. मग विंचचा कंट्रोल बॉक्स उघडला, दोर आत ओढणारी वायर कुठली आणि बाहेर सोडणारी कुठली, ते तपासलं, आणि त्यांना रिसीव्हरची छोटी डबी जोडली. हातातल्या रिमोटचा हुकूम ही डबी ऐकणार होती. वायर सैल राहिली की पुढं जळते, म्हणून तिनं प्रत्येक जोड ओढून बघितला. पाणी शिरू नये म्हणून कडा सिलिकॉननं बंद केल्या. सगळा करंट तोडणारं एक बटण ड्रायव्हरच्या हाताशी बसवलं. शेवटी रिमोट घेऊन ती रस्त्यापलीकडं, रसवंतीच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि बटण दाबलं.

विंच घुं करून फिरला. बंपरपाशी कुणीच नव्हतं.

रसवंतीवाल्यानं चरक थांबवून बघितलं. सिद्रामप्पा उठून उभे राहिले. मंजुश्री रस्ता ओलांडून परत आली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. वायरचं जुनं बटण तिनं दुकानाच्या कपाटात टाकलं आणि कुलूप लावलं.

दोर तेवढा जुना होता. नवा मागवलेला होता, पण तो यायच्या आधीच फोन आला.

गावाबाहेरच्या तळ्यातून शेतात टाकायला गाळ काढणं चाललं होतं. वरून वाळलेल्या गाळावर एक ट्रॅक्टर गेला आणि पापुद्रा फुटून एका अंगावर कलंडला. चालवणाऱ्या भीमाचा पाय खाली दबला होता. गाळ काढणारं मशीन जवळ न्यावं तर तेही खचत होतं. आणि ट्रॅक्टर हळूहळू खाली चालला होता.

मंजुश्री आणि सिद्रामप्पा पोचले तेव्हा दुपार टळटळीत झाली होती. एवढी माणसं काठावर, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तळ्याकाठी झाडाचं पान हलत नव्हतं, पाखरू नव्हतं. तापलेल्या मातीचा वास यायला हवा होता. येत होता तो ओला, जुना, तळाचा वास... मेलेल्या मासोळ्यांचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी.

भीमा कमरेपर्यंत गाळात होता. तोंड जीपकडं. तो ओरडत नव्हता, नुसता बघत होता.

सिद्रामप्पांनी जीप काठाच्या कडक जमिनीवर लावली, चाकांना दगड दिले. फळ्या टाकून दोघं जण आत गेले, ट्रॅक्टरला हूक अडकवून माघारी आले. मंजुश्री रिमोट घेऊन बांधावर चढली, दोरापासून लांब, एका बाजूला. वळून बघते तर सिद्रामप्पा सवयीनं बंपरपुढं जाऊन उभे.

"काका, इकडं या."

"मी हितं असलो म्हणजे बरं असतंय."

"न्हाई. तिथं आता कुणीच थांबायचं न्हाई. म्हणून तर बसवलं हे."

सगळे बघत होते. सिद्रामप्पा क्षणभर घोटाळले, मग मुकाट्यानं बांध चढून तिच्याजवळ आले. तिनं बटण दाबलं.

दोर ताणला. ट्रॅक्टर कण्हला, आणि वीतभर वर सरकला. मग विंच थांबला.

मंजुश्रीचं बोट बटणावरच होतं. रिमोटचा हिरवा दिवा जळत होता. तिनं बोट उचललं, पुन्हा दाबलं. विंच थोडा फिरला, थांबला. त्यानं दोराची थरथर निवू दिली, मग पुन्हा आपणहून फिरला. तिनं बटण दाबून धरलं तरी तो त्याच्याच चालीनं चालला होता. ओढ, थांब. ओढ, थांब. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याखाली चालावा तसा.

"जोड सैल झाला का गं?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"माजा जोड सैल न्हाई, काका."

ती चाल तिला ओळखीची वाटली. अण्णा असेच ओढायचे. दोराला दम घेऊ द्यावा लागतो, म्हणायचे. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्यातच कुठंतरी ऊब वाटली.

तेवढ्यात सिद्रामप्पांनी तिचं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"बंपरपुढं बघ..."

बंपरपुढची जमीन कोरडी, टणक. पण तिथं दोन खळगे पडत होते. एकमेकांजवळ, पावलांएवढे. दोर ताणला की ते खोल जात, टाचा रोवून कुणी जोर लावावा तसे. दोर सैलावला की तिथं काळं पाणी भरे.

"मन्मथा..." सिद्रामप्पा पुटपुटले. "मन्मथा, बाजूला हो..."

मंजुश्रीला पळावंसं वाटलं. पण समोर भीमा होता, छातीपर्यंत गेलेला. तिनं बटण सोडलं नाही. दातावर दात ठेवून ती बोलत राहिली, अण्णांशीच बोलल्यासारखी. "ओढा. अजून ओढा. मी हाय इथं."

ट्रॅक्टर वर आला. एक चाक फळीवर चढलं, मग दुसरं. काठावरच्या माणसांनी धावत जाऊन भीमाला बखोटीला धरून बाहेर खेचलं. ट्रॅक्टर कडक जमिनीवर टेकला, आणि त्याच क्षणी दोर तुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला. तुटकं टोक हवेतून शिट्टी घालत आलं आणि जीपवर आदळलं. काच फुटली, बॉनेट चिरलं, बॉनेटपुढचा लोखंडी गज वाकला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

धुरळा बसेपर्यंत कुणी हललं नाही. बंपरपुढचे खळगे तसेच होते.

सिद्रामप्पा चिरलेल्या बॉनेटवरून हात फिरवत राहिले. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, आप्पा, आज तुम्ही तिथं असता तर. त्यावर सिद्रामप्पा वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या मन्मथाच्या पोरीनं बसवलंय हे. तिनं मला वर बोलावलं म्हणून मी हाय."

परत येताना मंजुश्री पुढं, काकांच्या शेजारी बसली होती. रडू येत होतं, आणि मान मात्र ताठ होती. अण्णांची जागा आता रिकामी राहील, आणि अण्णांनी ते स्वतः बघितलं, असं तिला वाटत होतं.

काही दिवसांनी भीमा दुकानात आला, पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. मंजुश्रीनं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ताई, तुमचे उपकार हायतच," तो म्हणाला. "पर त्या दुसऱ्याला बी भेटायचं हुतं. बंपरपुढं उभा हुता, त्याला."

मंजुश्रीनं हातातली पक्कड खाली ठेवली. "तुला दिसले?"

"दिसले म्हंजे? सगळा येळ माज्याकडंच तोंड हुतं की त्याचं. हातात वायरचं बटण."

तिचे डोळे भरून आले. तिनं मोबाईल काढला, अण्णांचा फोटो शोधला, आणि मोठ्या अभिमानानं त्याच्यापुढं धरला. "माजे वडील."

भीमानं फोटो जवळ घेऊन बघितला. मग तिच्याकडं बघितलं.

"हे न्हाईत, ताई."

"नीट बघ."

"हे वयस्क हायत. तो तरणा हुता. कापडं वली, गाळानं भरलेली... बाहेर ये म्हणून बोलवत असंल, असं मला आधी वाटलं. पर त्यो हात असा खाली करून राहिला हुता. खाली जा, खाली जा..." भीमानं तळहात खाली दाबून दाखवला. "मला वाटलं, दोर लागंल म्हणून डोकं खाली घे म्हणतोय."

"मग... दोर तुटला तेव्हा?"

"दोर त्याच्यातनं गेला. तो हलला न्हाई. तुमी बांधावर उभ्या हुता, तिकडं वळून बघत हुता नुसता. मला उचलून नेलं तवा जीपच्या मागच्या शिटावर बसलेला बघितला. म्हटलं तुमच्यातलाच असंल. कुठं सोडलं त्याला?"

चहा आला. मंजुश्रीनं कप त्याच्या हातात दिला, आपला तसाच ठेवला.

बाहेर सिद्रामप्पांच्या जीपचा हॉर्न वाजला. नवा दोर चढवून ते दारात आले होते. निलंग्याच्या बाजूला उसाची ट्रॉली कॅनॉलमध्ये गेली होती, माणूस आत अडकला होता. मंजुश्रीनं कपाटातून रिमोट काढला, चार्ज बघितला. वायरिंग तिचं होतं, जोड तिचे होते, आणि बोलावणं तिच्या नावानं आलं होतं. ती बाहेर आली आणि मागं न बघता पुढच्या सीटवर चढली.

बसल्या बसल्या, मागची सीट दिसू नये म्हणून, तिनं वरचा आरसा फिरवायला हात उचलला.

आरसा आधीच फिरवलेला होता, पार छताकडं. सिद्रामप्पांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"राहू दे तसाच," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.