पाटी उतरवायला हात लागतो

ही घटना खरी आहे. 'सत्य घटना' असा शिक्का मारून काहीही खपवणारे पुष्कळ असतात, ते ठाऊक आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. सक्ती कुणावरच नाही.

मागच्या वर्षीचा मार्च महिना. विश्रांतवाडी. आळंदी रस्त्यावरून आत वळलं की बुद्धविहार लागतो, त्याच्यासमोरच्या इमारतीत तिसरा मजला.

आणि वेळ रात्रीची नाही. भर दुपारचे सव्वाचार.

त्या घरात अभय राहतो. त्याची आई चंपाबाई फेब्रुवारीत गेली. अभय रडला नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याने खुर्च्या लावल्या, लोकांना पाणी दिलं, आठवड्याने लॅपटॉप उघडून कामाला बसला. दात काढल्यावर गाल बधिर राहतो ना, तसं त्याचं आतून झालं होतं. फक्त ती भूल उतरत नव्हती.

वडिलांचं त्याहून वाईट. पोपटराव म्हणजे एके काळचे गायन पार्टीचे मुख्य गायक. एप्रिल आला की जयंतीच्या कार्यक्रमांपायी महिनाभर घरी सापडायचे नाहीत. चंपाबाई दिवसा मंडईत पालेभाजी विकायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याच्या कोरसमध्ये उभ्या राहायच्या. त्या गेल्या आणि हा माणूस बोलायचाच थांबला. जेवणही दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर कठीण आहे.

अभयला एकच सुचलं. ते गाणं.

हे गाणं पोपटरावांनी बायकोवर रचलं होतं. फार वर्षांपूर्वी एकदा बस बंद होत्या आणि चंपाबाई उरलेल्या मेथीची पाटी डोक्यावर घेऊन मंडईपासून विश्रांतवाडीपर्यंत चालत आल्या. दारात पोचल्या तेव्हा घड्याळात सव्वाचार वाजले होते. पोपटराव दुपारभर दाराशी येरझारा घालत होते. त्यावरून हे सवाल-जवाबाचं गाणं झालं. सहा कडवी. नवरा विचारतो,

"कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?"

बायको उत्तर देते,

"मंडई सोडली हो, पाटी डोईवर."

मग नदीचा पूल, मग येरवडा, मग विहार, मग जिना. आणि शेवटी,

"दारात उभी हो, पाटी उतरवा."

भरलेली पाटी एकट्या बाईला उतरवता येत नाही. समोरून कुणाचा तरी हात लागतो. गाणं तिथेच संपायचं आणि लोक हसायचे.

त्याची एकच कॅसेट घरात होती. शेवटच्या आजारात आईने तीनदा सांगितलं होतं, ते गाणं एकदा ऐकव रे. घरातला टेप बिघडलेला. कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणायला हवी होती. अभय म्हणाला, रविवारी बघू.

असे तीन रविवार गेले. मग आई गेली.

आता मात्र तो तातडीने मंडईजवळ जब्बारभाईंकडे गेला. जुन्या कॅसेट उतरवून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. चार दिवसांनी त्यांनी पेनड्राइव्ह हातावर ठेवला आणि थोडं अवघडून म्हणाले, टेपला एका कडेने बुरशी धरली होती. दोन माइकवर गाणं घेतलं होतं, वडिलांचा आवाज एका बाजूला, आईंचा दुसऱ्या. वडिलांचा आला.

"आईंचा नाही आला. माफ करा."

दादांना, म्हणजे वडिलांना, हे सांगायचा धीर अभयला झाला नाही. त्याने पेनड्राइव्ह स्पीकरला लावला, बटण दाखवलं आणि शेजारच्या खोलीत कामाला जाऊन बसला.

पोपटरावांचा तरुण आवाज आला. "कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?"

मग नुसता ढोलकीचा ठेका. उत्तराची जागा रिकामी.

दुसरा सवाल सुरू व्हायच्या आत पोपटरावांनी बटण दाबून गाणं थांबवलं. गायन पार्टीचा नियमच असतो, कोरसने उचलल्याशिवाय पुढचं कडवं घ्यायचं नाही. म्हातारा नियमाला पक्का. हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला.

सव्वाचार वाजले होते.

बंद स्पीकरमधून...

"मंडई सोडली हो, पाटी डोईवर."

अभय धावत आला. स्पीकरचा दिवा विझलेला होता. दादांचे डोळे मिटलेले. आवाज आईचाच होता, जरा धाप लागलेला. त्याने हेडफोन लावून ते गाणं पाच वेळा ऐकलं.

उत्तराची जागा रिकामीच होती.

त्या रात्री पोपटराव दीड भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुढच्या सवालाचं उत्तर आलं, तिने पूल ओलांडला. तिसऱ्या दिवशी येरवडा आला. अभयची बायको सृष्टी बँकेत असायची, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सासरे जेवायला लागले यातच ती खूश होती. तिने एकच गोष्ट विचारली. आईंच्या चपला तुम्ही कुणाला दिल्या का?

अभयने कुणालाच दिल्या नव्हत्या.

चपलांच्या स्टँडवर मधली जागा मोकळी होती...

चौथ्या दिवशी विहार आला. म्हणजे समोरचाच. अभयने खिडकीतून पाहिलं. विहाराची पायरी उन्हात तापलेली, चिटपाखरू नाही. पण घरात मेथीचा वास भरला होता आणि स्वयंपाकघरात मेथीची काडीसुद्धा नव्हती.

तेव्हा तो दादांना म्हणाला, "दादा, आपण हे असलं मानत नाही. आपल्यात आत्मा मानत नाहीत."

पोपटराव कितीतरी दिवसांनी बोलले. "मी कुठं मानतोय? मी विचारतो, ती सांगते."

पाचव्या दिवशी जिना आला. त्या संध्याकाळी पोपटरावांनी दाढी करून घेतली आणि कपाटातून पांढरा सदरा काढून ठेवला. कार्यक्रमाला जाताना घालायचे तो.

अभय काय ते समजला. उद्या ती दारात येणार. पाटी उतरवायला दादा बाहेर जाणार. आणि परत येणार नाहीत.

आईला तीन रविवार देता आले नाहीत. निदान दादांना तरी जाऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं.

सहाव्या दिवशी त्याने रजा टाकली. सकाळीच पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. दाराला कडी लावली, वरून कुलूप घातलं.

सव्वाचारला पोपटराव पांढऱ्या सदऱ्यात येऊन मुक्या स्पीकरसमोर बसले. त्यांनी बटणाला हातही लावला नाही. स्वतःच गायले. आवाज फाटलेला, पण सूर जागेवर.

"कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?"

अभयने खिशातला पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरला.

उत्तर आलं...

दाराबाहेरून.

"दारात उभी हो, पाटी उतरवा."

पोपटराव उठले. अभय दाराला पाठ लावून उभा राहिला. "बाजूला सर," दादा म्हणाले. तो हलला नाही. दादांच्या हातात एवढं बळ नव्हतं, त्यांनी ढकलून पाहिलं आणि थांबले.

अभयने वळून दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा. समोरचं दार बंद.

खाली, उंबऱ्यापाशी...

आईच्या चपला. टोकं दाराकडे. धुळीने पांढऱ्या झालेल्या.

"पाटी उतरवा हो," पुन्हा आवाज आला. या वेळी सूर नव्हता.

दाराबाहेर नुसता श्वास.

मग अगदी दमलेल्या आवाजात, "अभय, मान दुखतेय रे."

त्याचा हात कडीवर गेला होता. हे तो स्वतः कबूल करतो. किल्ली दुसऱ्या खिशात होती. पण त्याने दार उघडलं नाही. भीतीने म्हणा, दादांपायी म्हणा. त्याला विचारलं तर म्हणतो, त्या क्षणी काही वाटतच नव्हतं.

थोड्या वेळाने पावलं जिन्यावरून खाली गेली. सावकाश. डोक्यावर वजन असलेलं माणूस जातं, तशी. एकेक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी.

भिंगातून पाहिलं तेव्हा चपला नव्हत्या.

पोपटराव पलंगावर बसून सदऱ्याची बटणं काढत होते. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला न्यायला आली नव्हती ती. पाटी उतरवायला हात लागतो. तेवढंच मागत होती."

याला आता वर्ष होऊन गेलं. पोपटराव ठणठणीत आहेत. दोन वेळा व्यवस्थित जेवतात, विहारात जाऊन बसतात. गात मात्र नाहीत. त्या गाण्याचं नावसुद्धा काढत नाहीत.

अभयची मान दुखते. दोन डॉक्टर झाले, फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. तो अजून रडलेला नाही.

घरून काम असलं की सव्वाचारला तो दार सताड उघडतो. गाता त्याला कधीच आलं नाही, तरी तो सवाल हळू आवाजात म्हणतो. मग दोन्ही हात समोर उंच धरून उंबऱ्यात उभा राहतो. शेजारी विचारतात. तो सांगतो, मानेचा व्यायाम आहे.

उत्तर एकदाही आलेलं नाही.

चपलाही परत स्टँडवर आलेल्या नाहीत.