सवतीचं नाव

सरगूरहून म्हैसूरला येणारी बस त्या काळी हेग्गडदेवनकोट्याला बराच वेळ थांबायची. ड्रायव्हर उतरून निवांत कॉफी प्यायचा आणि आम्ही आत घामाने भिजत बसायचो. माझ्या मांडीवर माझी लेक होती, अजून बिननावाची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, पण बारसं सासरीच करायचं असा सासूबाईंचा निरोप आला होता. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नाव मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. शैलजा. आमच्या सरगूरच्या शाळेत कुणाचंच नव्हतं ते. बस उभी असताना मी ते तिच्या कानाशी पुटपुटत होते आणि ती हसत होती. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

मी प्राणेशरावांना दुसरेपणावर दिलेली. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. राज्य नुकतंच मोठं झालं होतं, हुबळी-धारवाडकडची माणसं बदलून येत होती आणि यांना रोज घरी यायला उशीर व्हायचा. पहिली बायको गोदा. तापाने गेली, मूल नव्हतं. लग्नात मुलीचं नाव बदलायची आमच्यात रीत आहे. गोदाचं नाव यांनी स्वतः निवडलं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं होतं. माझ्या वेळी कुणाला नाव सुचलंच नाही. मी तुंगा होते ती तुंगाच राहिले. तेही नावापुरतंच, कारण त्या नावाने हाक मारणारं घरात कुणी नव्हतं. हे 'अगं' म्हणायचे आणि सासूबाई 'सरगूरची' म्हणायच्या.

माझ्या गळ्यात गोदाच्या नावाची सोन्याची पुतळी होती. दुसरीने ती घालायचीच असते, म्हणजे पहिली रुसत नाही. नवं लुगडं आधी पुतळीला लावायचं, मग आपण नेसायचं. कुंकू आधी तिला, मग मला. मेलेल्या बाईचं उष्टं आयुष्य जगायचं म्हणजे काय, ते ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं. मी तिचा हेवा करत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्या बाईला म्हातारपण येत नाही आणि जिची चूकही कुणाला आठवत नाही, तिच्याशी बरोबरी कशी करायची?

बारशाच्या सकाळी सासूबाई पाळण्याला मोगऱ्याचा गजरा बांधत म्हणाल्या, "नाव गोदाच ठेवायचं."

मला वाटलं, थट्टा करतायत. "अत्ते, किती जुनं नाव ते... मी शैलजा म्हणून..."

"जुनं असू दे की. लेकराची आशा धरूनच गेली बिचारी. नाव मिळालं की शांत होईल. नाहीतर सुम्मने, उगीच कशाला पोरीवर तिची नजर?"

मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे तरी काही बोलतील. यांचा चेहरा असा उजळला होता, की माझ्या लग्नातही तो तसा उजळला नव्हता. 

आत्या म्हणून वरलक्ष्मीवन्संनी पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. बाळ सकाळपासून रडत होतं, ते एकदम गप्प झालं. त्याने मान वळवली. आम्ही सगळ्याजणी पाळण्याच्या अलीकडे उभ्या होतो. ते बघत होतं पलीकडे, मागच्या खोलीच्या दाराकडे.

"बघ, पटलं की नाही?" सासूबाई म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच बोलल्या, "तू मात्र नाव घेऊ नकोस हं. मोठी आहे ती तुझ्याहून. तू अक्का म्हण."

"माझ्या मुलीला मी अक्का म्हणू?"

"रीतच आहे ती. अय्यो, इतकं काय त्यात?"

असं ते सुरू झालं. स्वतःच्या पोटच्या पोरीला मी अक्का म्हणू लागले. 'अक्का, दूध पी.' 'अक्का, ये गं.' बाकी सगळं घर दिवसभर गोदा गोदा करायचं. संध्याकाळी हे कचेरीतून यायचे आणि चपला काढायच्या आधी हाक मारायचे, "गोदा..." तो आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. इतक्या मायेने त्यांनी मला कधीच हाक मारली नव्हती. ते नाव घरात मोठ्याने घ्यायला त्यांना निमित्त हवं होतं आणि ते मीच नऊ महिने पोटात वाढवून दिलं होतं. भाकरी तव्यावर करपायची आणि मी तशीच उभी राहायचे.

कुणी नसलं की मी पोरीच्या कानाशी म्हणायचे, "शैलजा." ती वळून बघायची नाही. बसमध्ये हसली होती, ती पुन्हा त्या नावाला कधी हसलीच नाही.

ती बोलायला लागली त्या वर्षी बन्नूरला यांच्या मावसभावाच्या घरी मुंज होती. हे आणि सासूबाई सकाळच्या बसने गेले. मला कणकण होती, म्हणून मी पोरीला घेऊन घरीच राहिले. दुपारी जेवून मी पुढच्या खोलीत आडवी झाले. ऊन असं होतं की रस्त्यावर टांग्याचाही आवाज नव्हता. पोर मोकळ्या केसांनी माझ्याजवळ खेळत होती.

डोळा लागला असावा. जाग आली ती वासाने. शिकेकाईने नुकत्याच धुतलेल्या केसांचा ओला वास, आणि त्यात मोगरा. घरात त्या दिवशी कुणी न्हालं नव्हतं. पोर जवळ नव्हती. मागच्या खोलीतून तिचा आवाज येत होता. ती बोलायची, थांबायची, ऐकल्यासारखी गप्प व्हायची आणि मग खुदकन हसायची.

मागची खोली म्हणजे गोदा गेली ती. तिथे तिची ट्रंक होती, बाकी काही नव्हतं. मी दारात जाऊन उभी राहिले. पोर ट्रंकेला टेकून बसली होती. केसांना चापून तेल लावलेलं होतं, दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या आणि दोन्ही वेण्यांत ताजा मोगरा होता.

"अक्का... वेणी कुणी घातली?"

"आईने."

"आई मी आहे गं..."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मोठी बाई कामाच्या बाईला न्याहाळते तसं. "नाही. तू तुंगा."

ते नाव त्या घरात कुणी उच्चारतच नव्हतं. पोरीने ते ऐकलं कुठून?

मग मला भीतीपेक्षा राग आला. इतक्या वर्षांचा राग. मी गळ्यातली पुतळी मुठीत धरली आणि तोंडाने घ्यायचं नाही ते नाव ओरडून घेतलं. "गोदा! नवरा तुझाच आहे, मला ठाऊक आहे. घर तुझं, कुंकू तुझं. माझं म्हणून जे काही आहे ते सगळं घे. पण पोर माझी आहे... ती मला दे."

खोलीत काहीच झालं नाही. फक्त तो ओला वास माझ्या अगदी जवळ आला, कुणी अंगावरून गेल्यासारखा, आणि मग माझ्याच केसांना येऊ लागला. पोर उठली, धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई, भूक लागली." मी तिला उराशी धरून खूप रडले. वाटलं, मी जिंकले.

दिवेलागणीला ते दोघे बन्नूरहून आले. यांनी चपला काढता काढता पोरीला हाक मारली, "शैलजा, ये गं बाळ." पोर धावत गेली. सासूबाईही तिला शैलजाच म्हणाल्या, जणू काही ती पहिल्यापासून शैलजाच होती. हे नाव मी त्यांच्यासमोर एकदाच घेतलं होतं आणि तेव्हा ते कुणी ऐकूनही घेतलं नव्हतं. मग हे आत आले. हातात फुलांची पुडी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या आवाजात, ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षं जळत होते त्या आवाजात, मला म्हणाले, "गोदा..."

मी तुंगा आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो आवाज माझ्यासाठी पहिल्यांदाच आला होता हो. मी म्हणाले, "काय?"

त्यानंतर मला कुणी दुसरं काही म्हटलं नाही. सासूबाई गेल्या. मागच्या वर्षी हेही गेले, माझा हात हातात घेऊन, गोदा म्हणतच. मी कुणाजवळ काही बोलले नाही. पोर माझी आहे, मला आई म्हणते, एवढं मला पुरे होतं.

काल शैलजा तिच्या बाळाला घेऊन आली. मुलगीच आहे. आता जुन्या नावांची आवड आली आहे म्हणे. पाळण्याला झोका देत ती म्हणाली, "आई, नाव ठरलं. अप्पांची पहिली बायको होती ना, सरगूरची, लेकरू न होताच गेली ती? तिचं ठेवू या. तुंगा. आमच्या ऑफिसात कुणाचंच नाही."

मी पाळण्याचा झोका थांबवला. "तुला तिचं नाव कुणी सांगितलं?"

"अगं, तूच की. लहानपणी रोज रात्री मला झोपवताना तिच्याच गोष्टी सांगायचीस. किती हेवा करायची तुझा, आणि शेवटी कशी तिने सगळं तुला देऊन टाकलं ते... सांगताना तू हसायचीस."

मी शैलजाला कधी एकही गोष्ट सांगितलेली नाही.